पत्ता बदलला, तर शेरा तरी मारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या तंत्रज्ञान पानावर फुकटातल्या एआय टूल्सची यादी वाचली. त्यातली तीन मी त्याच संध्याकाळी वापरून पाहिली. एक बरे निघाले, जोडाक्षरे तरी मोडत नाही. तक्रार यादीबद्दल नाहीच. या पानावर बारसे प्रत्येकाचे छापून येते, तेरावे मात्र कुणाचेच नाही, एवढेच म्हणायचे आहे.

'पॉकेट'चे घ्या. लेख नंतर वाचायला बाजूला ठेवण्याचे हे साधन २००७ मध्ये 'रीड इट लेटर' या नावाने सुरू झाले आणि ८ जुलै २०२५ रोजी मोझिलाने ते बंद केले. गूगलच्या लिंक आखूड करणाऱ्या 'goo.gl' या सेवेचेही तसेच (तिचे नाव मराठी घरात मोठ्याने घेण्यासारखे नाही). नव्या लिंका देणे २०१९ मध्येच थांबले होते. जुन्याही २५ ऑगस्ट २०२५ पासून चालणार नाहीत असे २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि मुदत तीन-चार आठवड्यांवर आल्यावर 'वापरात असलेल्या राहू देऊ' अशी दुरुस्ती आली. म्हणजे कुणी तरी अधूनमधून उघडत असेल ती लिंक जगली. एखाद्या स्मरणिकेत छापलेली, चार वर्षांत एकदा कुणाला लागणारी गेली. छापलेल्या कागदावर ती आता दुरुस्त कोण करणार?

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, म्हणून हे जास्त टोचते. पत्त्यावर माणूस नसला की पोस्टमन पाकिटावर शेरा मारतो, 'नॉट नोन' किंवा 'लेफ्ट'. घर बदलणाऱ्याने आधी अर्ज दिलेला असेल तर पत्र नव्या पत्त्यावर रवाना होते. वेबवरही हीच व्यवस्था आहे. ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर, म्हणजे पान जिथे ठेवलेले असते तो संगणक, सोबत तीन आकडी शेरा धाडतो. ४०४ म्हणजे सापडत नाही. ४१० म्हणजे होते, आता कायमचे गेले. ३०१ म्हणजे मुक्काम हलला, हा घ्या नवा पत्ता. हा शेरा दिसला की ब्राउझर आपणहून तिकडे जातो, वाचकाला पत्ताही लागत नाही.

आता आपल्या संकेतस्थळाकडे येतो. त्याचे रूप पालटल्यापासून जुनी कुठलीही लिंक दाबा, मुखपृष्ठ उघडते. हे ४०४ पेक्षा वाईट. अख्ख्या आळीचे टपाल चावडीवर ओतून पोस्टमन निघून गेला तर जे होईल ते. ४०४ आला तर निदान लेख गेला हे कळते. इथे वाटते, आपणच चुकीचे दाबले.

त्याआधीच्या पानांची कथा निराळी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी सर्वत्र चालणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी पाने खास फॉन्टवर चालत, इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरे बसवलेली असत. फॉन्ट नसला की सगळा उकिरडा. आपल्या पुरवण्यांची तशी काही पाने मी तेव्हा उतरवून ठेवली होती, ती दुपारी बसून युनिकोडमध्ये आणतो. कन्व्हर्टर निम्मे काम करतो, पुढे डोळे फोडावे लागतात. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे बरोबर उलटे. 'निर्णय' हा एक शब्द किती तऱ्हांनी बिघडू शकतो ते पाहायला कधी तरी घरी या.

हे आपल्यापुरते नाही, हेही मान्य. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दिलेला आकडा असा की, २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडत नव्हती. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर कुणालाही पान जतन करता येते, फुकट. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे तेही काही दिवस बंद होते. तेव्हा सगळा भार त्या एका खांद्यावर टाकू नये.

रविवारच्या पानावर एक छोटी चौकट द्या: काय बंद होते आहे, शेवटची तारीख कोणती, आपला मजकूर बाहेर कसा काढायचा. आणि आपल्या तांत्रिक विभागाला जुन्या-नव्या पत्त्यांची जोडयादी करून ३०१ लावायला सांगा. काम कंटाळवाणे आहे, अवघड नाही. जुने पत्ते कुठून आणायचे असा प्रश्न असेल, तर २००९ पासूनच्या आपल्या चारशेवर लिंका माझ्या वहीत तारीखवार लिहिलेल्या आहेत. झेरॉक्स पाठवतो, स्पीड पोस्टाने.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, सांगली