व्हीसीडी चालवायची सोय काढून टाकू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मी नागपूरच्या महाल भागात राहतो, लग्नाचं शूटिंग अन् मिक्सिंग हाच धंदा. ऑक्टोबर 2025 मधे विंडोज 10 चा सपोर्ट संपला तेव्हापासून लोकं नवीन लॅपटॉप घेऊन राहिले अन् त्यात सीडी ड्राईव्हच नसतो, म्हणून जुन्या व्हीसीड्या (व्हिडिओ सीड्या) पिशवीत भरून माझ्याकडे येतात, "दादा, एवढं पेनड्राईव्हवर करून द्या". बाहेरून यूएसबी ड्राईव्ह लावला तरी पुढे अडतंच. सीडी उघडली की एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो, त्यात एव्हीएसईक्यू01 डॉट डीएटी अशी फाईल, तिच्यावर क्लिक केलं की विंडोज विचारतं कशाने उघडू. घरच्या माणसाला वाटतं सीडी खराब झाली, अन् ती कचऱ्यात जाते. सीडी चांगली असते हो! त्या फाईलमधे साधा एमपेग-1 या जुन्या फॉरमॅटचा व्हिडिओ आहे, व्हीएलसी या फुकटच्या प्लेअरमधे टाकला की लगेच चालतो.

व्हीसीडी 1993 ची. 352 बाय 288 चं चित्र, एका सीडीवर 74 मिनिटं, म्हणून तर पिक्चर दोन-तीन सीड्यांत यायचा. आजच्या मोबाईलपुढे ते चित्र काहीच नाही, मान्य आहे, पण आपल्या विदर्भात त्या काळात जे काही रेकॉर्ड झालं ते याच्यावरच झालं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जे स्टॉल लागायचे तिथं पुस्तकांच्या बाजूला भीमगीतांच्या व्हीसीड्यांचे ढीग असायचे. गाणारे गावोगावचे, कंपन्या छोट्या, कितीतरी कधीच बंद पडल्या. मोठ्या हिरोचा पिक्चर कुठल्या ना कुठल्या ॲपवर सापडेल, पण त्या गायकाचा आवाज अन् चेहरा त्या एका चकतीवरच आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं तेच, दंडार या लोकनाट्याचं तेच. अन् लग्नांचं तर विचारूच नका, आजी-आजोबा चालता-बोलताना दिसतात असं दुसरं काहीच कितीतरी घरांत नाही.

आता कंपन्या म्हणतात जुनं कुठवर सांभाळायचं. 2012 मधे विंडोज 8 मधून डीव्हीडी चालवायची सोय काढली तेव्हा मायक्रोसॉफ्टने लायसन्सच्या खर्चाचं कारण दिलं होतं. डीव्हीडीपुरतं ते समजू शकतो, पण एमपेग-1 ला आज कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही, डीकोडर (व्हिडिओ उलगडून दाखवणारा प्रोग्राम) छोटासा आहे, फुकट आहे, मग टीव्हीवाले पेनड्राईव्हवरची डीएटी फाईल लिस्टमधे दाखवत सुद्धा नाहीत ते काऊन? काही टीव्हीवर तीच फाईल नाव बदलून डॉट एमपीजी केली की चालते. म्हणजे टीव्हीला ती वाचता येते, फक्त ओळखायची सोय केलेली नाही.

एचडी डीव्हीडी या डीव्हीडीनंतरच्या चकतीचं बघा. 2006 ला आली, ब्लू-रे या दुसऱ्या चकतीशी भांडणात हरली अन् फेब्रुवारी 2008 मधे तोशिबाने बंद करतो म्हणून जाहीर केलं. दोन वर्षंही धड टिकली नाही, आपल्याकडे तर कोणी पाहिली पण नसेल. तरी तिच्यातला बहुतेक व्हिडिओ ज्या व्हीसी-1 फॉरमॅटमधे आहे त्याचा डीकोडर एफएफएमपेग या फुकटच्या सॉफ्टवेअरमधे आजही आहे, कारण जगभरातले लोकं तो सांभाळतात. एवढ्याशा फॉरमॅटसाठी हे होतं तर घराघरात पोचलेल्या व्हीसीडीसाठी पैसे घेऊन टीव्ही अन् लॅपटॉप विकणाऱ्यांनी करायलाच पाहिजे.

वाचकांना एक सांगतो, कॉपी करताना नीट करा. व्हीसीडीचा व्हिडिओ ज्या सेक्टरमधे (चकतीवरच्या छोट्या तुकड्यात) असतो त्यात डेटा सीडीसारखं एरर करेक्शन, म्हणजे चुका दुरुस्त करायची सोय, नसतं, जास्त बाईट बसावे म्हणून ते काढलेलं आहे, त्यामुळे ओरखडा असला की साधं कॉपी-पेस्ट मधेच अडकतं. बरेच जण आयएसओ (सीडीची एका फाईलमधली प्रत) बनवून ठेवतात अन् निश्चिंत होतात, पण साध्या आयएसओत प्रत्येक सेक्टरचे 2048 बाईटच येतात, व्हीसीडीत व्हिडिओचे 2324 असतात, म्हणजे व्हिडिओ तुटतो. बिन-क्यू इमेज (सगळे बाईट घेणारी सीडीची प्रत) बनवा, मग ती चालवून शेवटपर्यंत पाहा, अन् तोवर मूळ सीडी फेकू नका.

माझी खरी मागणी आपल्या शहरातल्या लायब्ऱ्या अन् विद्यापीठाकडे आहे. एक कॉम्प्युटर, दोन-तीन चांगले जुने ड्राईव्ह (नवे मिळणं दिवसेंदिवस कठीण होऊन राहिलं) अन् हे काम समजणारा एक पोरगा, एवढ्यात काऊंटर सुरू होतो. लोकं आपापल्या सीड्या आणतील, कॉपी घरी नेतील, भीमगीतं अन् नाटकांची एक प्रत कलाकाराला किंवा त्याच्या घरच्यांना विचारून तिथं राहील. येत्या दसऱ्याला दीक्षाभूमीजवळ असा एक काऊंटर लावायला कोणी तयार असेल तर माझे दोन ड्राईव्ह अन् मी स्वतः सगळे दिवस बसायला तयार आहे.

आपला,
एक शूटिंगवाला, महाल, नागपूर