मीडियातलं मीठ तपासून बघ

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज अगदीच पडला होता. "४२ अंशांवरही पेशी मजेत विभागतायत, आई. माझा म्युटंटच गेला," म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

आधी सांग, मीडियात, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, मीठ घातलं होतंस का? एलबी हे नेहमीचं मीडिया करताना लिटरला १० ग्रॅम मीठ हात सवयीनेच घालतो. पण एफटीएसझेड-८४ हा तुझा ई. कोलाय जिवाणूचा म्युटंट, ४२ अंशांवर ज्याची विभागणी थांबायला हवी, तो मीठ मिळालं की तिथेही निभावून नेतो. त्याचा दोष उघडा पडतो तो बिनमिठाच्या एलबीत. स्ट्रेन टाकून देऊ नकोस गं, आधी एवढं करून बघ.

बिघाड किती बारीक आहे ते लक्षात घे. ई. कोलायच्या एफटीएसझेड या विभागणीच्या प्रथिनात ३८३ अमिनो आम्लं. त्यातल्या १०५ व्या जागी ग्लायसीनच्या ऐवजी सेरीन आलं, बस्स. पण जीटीपी हा पेशीतला ऊर्जेचा छोटा रेणू धरून ठेवायची जागा नेमकी तिथलीच. जीटीपी धरलेले एफटीएसझेडचे रेणू एकामागे एक जोडले जातात, पेशीच्या मध्यावर पटलाच्या आतून त्यांचं कडं तयार होतं. एफटीएसए आणि झिपए ही दोन प्रथिनं ते कडं पटलाला धरून ठेवतात, मग आडवी भिंत बांधणारी बाकीची प्रथिनं तिथे जमतात. या म्युटंटमध्ये ३० अंशांवर हे कसंबसं जुळतं. ४२ ला नेलं की मिनिटाभरात कडी विस्कटतात. पेशी मात्र वाढतच राहते, डीएनएच्या प्रतीही होत राहतात.

एमएस्सीला असताना मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली मी हे पहिल्यांदा पाहिलं. नेहमीच्या पेशी तांदळाच्या कणीसारख्या, आणि या म्युटंटचे धागे शेवईसारखे लांबच लांब, मध्ये कुठे चिमटा म्हणून नाही. मी सरांना हाक मारायचंही विसरले होते.

बदल म्हणजे नुकसानच, असंही समजू नकोस. एफटीएसएमध्ये २८६ व्या जागी आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन आलं, तर पेशी झिपए नसतानाही विभागते. एरवी झिपएवाचून ती मरते! हे २००३ साली समोर आलं. मला तर हा म्युटंट सगळ्यात आवडतो, कारण कड्याला कोण किती घट्ट धरतं हे त्याने दाखवलं.

तर उद्या रात्रीच ३० अंशांवर कल्चर लाव. सकाळी ताज्या बिनमिठाच्या एलबीत थोडं घे, वाढीला लागलं की अर्धं ४२ ला हलव. सोबत हा बदल नसलेला साधा स्ट्रेनही ठेव, नाहीतर तुलना कशाशी करशील? धागे दिसले की डॅपी या डीएनए उजळवणाऱ्या रंगाने रंगवून बघ, डीएनएचे ठिपके अंतरा-अंतरावर दिसतील. मग तेच कल्चर ३० ला परत आण आणि दर पाच मिनिटांनी स्लाइड कर. काही मिनिटांत कडी पुन्हा जुळतात, चिमटे दिसायला मात्र थोडा धीर धरावा लागेल.

जेवून घे वेळेवर. धागे दिसले तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागीच असेन.

तुझी,
आई