छातीत दुखले की आधी १०८

महोदय,

इंदूरमध्ये रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन आल्यावर कुणाच्या छातीत जळजळू लागले, की घरचे निदान ठरलेले असते : ॲसिडिटी. मग ओवा, सोडा आणि ‘जरा पडून राहा’ यांत तास निघून जातो. हृदयविकाराच्या झटक्यात हाच पहिला तास सर्वांत मोलाचा असतो, कारण हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झालेली असते आणि ती उघडेपर्यंत तेथील स्नायू मरत जातो.

छातीच्या मधोमध दाब, डाव्या हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, धाप ही लक्षणे बहुतेकांना ऐकून माहीत असतात. मात्र स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात ती फसवी असू शकतात. आमच्या शेजारच्या काकूंची छाती मुळीच दुखत नव्हती. जबडा आणि पाठ भरून आली होती, घामाने ब्लाउज भिजला होता, तरी ‘देवघर आवरताना दमले असेन’ असे त्या म्हणत होत्या आणि मुलगा त्यांना जिन्यावरून चालवत खाली नेत होता. आम्ही त्यांना पायरीवरच बसवले. पुढे रुग्णवाहिकेच्या माणसांनी खुर्चीवरून उतरवले. अशा रुग्णाला एक पाऊलही चालवू नये, स्कूटरवर तर मुळीच बसवू नये.

१०८ ला फोन करून रुग्णाला पाठीला टेकू देऊन, गुडघे दुमडून बसवावे आणि कपडे सैल करावेत. तो शुद्धीत असेल, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम साधी ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. तिने गुठळी वाढण्याला आळा बसतो. शेजाऱ्याच्या डबीतील सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैलावणारी हृदयरोग्यांची गोळी) जिभेखाली ठेवण्याची आपल्याकडची सवय मला फार धोक्याची वाटते. ज्याला डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आहे त्यालाच ती द्यावी. एरवी रक्तदाब एकदम उतरून रुग्ण कोसळू शकतो. रुग्णालयातला पहिला ईसीजी ठीक आला, तरी त्रास चालू असल्यास तो पुन्हा काढण्याचा आग्रह धरावा.

रुग्ण बेशुद्ध होऊन श्वास थांबला, किंवा घशातून नुसती अधूनमधून घरघर येऊ लागली, तर हृदय बंद पडले असे समजून रुग्णवाहिकेची वाट न पाहता छाती दाबायला लागावे. रुग्णाला कडक जमिनीवर उताणे झोपवून, तळहातावर तळहात ठेवून, कोपरे ताठ ठेवून, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. हे वाचून नव्हे, हाताने करूनच येते. म्हणून येथील मराठी मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे, की यंदाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी, आणि त्यात सुनांइतकेच सासू-सासऱ्यांनाही बोलवावे, कारण दुपारी घरात बहुधा तेच दोघे असतात.

– एक निवृत्त परिचारिका, इंदूर