दीपगृहाच्या राखणदाराची साक्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील मिशिगन सरोवरात ‘एफ. जे. किंग’ हे तीन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज जवळजवळ १३९ वर्षांनी सापडल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. मथळ्यात त्याला ‘भुताचे जहाज’ म्हटले होते आणि हे टोपणनाव तिथल्या बुडालेली जहाजे शोधणाऱ्यांनीच दिलेले असल्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र आधुनिक यंत्राने गूढ उकलले, असा जो सूर बातमीला होता, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

हे स्कूनर जातीचे शिडाचे जहाज १८६७ साली ओहायो राज्यातील टोलेडो येथे बांधले गेले. त्याची लांबी १४४ फूट होती. १५ सप्टेंबर १८८६ रोजी लोहखनिज घेऊन एस्कनाबा बंदरातून शिकागोकडे जात असताना ते वादळात सापडले, फळ्यांच्या सांधी उकलल्या, खलाशांनी तासन्‌तास पंप मारूनही पाणी हटेना, तेव्हा कप्तान विल्यम ग्रिफिन यांनी सर्वांना लहान होडीत उतरवले आणि पहाटे दोनच्या सुमारास जहाज नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, बुडाले. जाणाऱ्या दुसऱ्या एका जहाजाने त्या माणसांना उचलून विस्कॉन्सिन राज्याच्या किनाऱ्यावरील बेलीज हार्बर येथे पोहोचवले. कप्तानाने बुडाल्याची जागा किनाऱ्यापासून सुमारे पाच मैलांवर सांगितली. जवळच्या केना बेटावरील दीपगृहाचे राखणदार विल्यम सँडरसन यांनी मात्र पाण्याबाहेर आलेली डोलकाठ्यांची टोके किनाऱ्याच्या बरीच जवळ पाहिल्याचे कळवले होते.

पुढे शोध घेणाऱ्यांनी कप्तानाचा शब्द प्रमाण मानला. १९७० च्या दशकात पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या एका मंडळाने हजार डॉलरचे बक्षीसही लावले, तरी जहाज मिळाले नाही. मच्छीमार आपल्या जाळ्यात जहाजाचे तुकडे आल्याचे सांगत, पण त्यावरून कोणी जागा निश्चित केली नाही. अखेर इतिहास संशोधक ब्रेंडन बायलोड यांनी राखणदाराची नोंद आधाराला धरून सुमारे दोन चौरस मैलांचा चौकोन आखला आणि जून २०२५ मध्ये बाजूला ध्वनिलहरी सोडून तळावरच्या वस्तू टिपणारे ‘सोनार’ यंत्र त्यात फिरवताच काही तासांतच जहाज दिसले. ते सँडरसन यांनी सांगितलेल्या जागेपासून अर्ध्या मैलाच्या आत होते. अशी सोनार यंत्रे कित्येक वर्षांपासून वापरात आहेत. या वेळी बदलली ती शोधाची जागा. कप्तान खोटे बोलला असे मी म्हणत नाही, कारण काळोखात, वादळात आणि जीव मुठीत धरून असलेल्या माणसाने केलेला अंतराचा अंदाज चुकणे साहजिक आहे. पण दीपगृहाचा राखणदार एका जागी उभा राहून रोज तेच पाणी पाहत होता. साक्ष तोलताना हुद्दा पाहिला गेला, साक्षीदार कुठे उभा होता हे पाहिले गेले नाही.

जहाज इतकी वर्षे शाबूत राहिले याचे श्रेय गोड्या आणि थंड पाण्याला आहे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे नसतो. आपल्याकडे त्याच्यापायी गलबताचा तळ कसा चाळणीसारखा होतो, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको. अलीकडे मात्र क्वागा नावाचे परके शिंपले त्या सरोवरात माजले असून त्यांचे थर बुडालेल्या जहाजांवर चढत आहेत, त्यांच्या भाराने लाकूड मोडते. म्हणून शोधाची घाई आहे. जहाज वर काढण्याची मात्र करू नये. ‘अल्व्हिन क्लार्क’ या १८६४ मध्ये बुडालेल्या स्कूनरचा माग मच्छीमारांच्या अडकलेल्या जाळ्यांवरूनच लागला होता. १९६९ मध्ये ते मिशिगन सरोवराच्याच ग्रीन बे या उपसागरातून जवळपास अखंड वर काढले आणि लोकांना पाहण्यासाठी ठेवले. पण पाण्याबाहेर लाकूड टिकवण्याची सोय आणि पैसा नसल्याने ते कुजत गेले आणि १९९४ मध्ये पाडून टाकावे लागले. पाण्याखाली शंभर वर्षे टिकलेले जहाज हवेत पंचवीस वर्षेही टिकले नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण इथलेही आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळच्या पोर्तुगीजकालीन जहाजाच्या अवशेषांचा अभ्यास केलेला आहे, म्हणजे आपल्याकडे जाणकार नाहीत असे नाही. पण आमच्या मालवणसारख्या बंदरात वयस्कर तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, जाळे कुठे अडकते, कोणत्या जागी दगड नसताना काहीतरी टोचते, हे तोंडपाठ असते आणि ते कुठल्याही दप्तरात नाही. मच्छीमार सोसायट्यांनी आणि बंदरांचे काम पाहणाऱ्या मेरीटाइम बोर्डाने मिळून अशा जागांची एक वही करावी, प्रत्येक नोंदीपुढे सांगणाऱ्याचे नाव आणि त्याने ते कुठून, कधी पाहिले हे लिहावे, आणि ती वही समुद्रविज्ञान संस्थेकडे द्यावी. चोरट्यांना वाव मिळू नये यासाठी अचूक ठिकाणे प्रसिद्ध करू नयेत. आपल्या दैनिकाच्या सिंधुदुर्ग आवृत्तीने हा विषय धरून ठेवावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मालवण