लष्करात जाणार नाही, पण कर भरावा लागेल

झुरिक

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, आधी तुझी काळजी मिटवतो. स्विस पासपोर्ट मिळाला म्हणून मला कोणी बंदूक देणार नाही. भरतीची तपासणी वयाच्या २४ पर्यंतच होते आणि मला बत्तिसावं लागलंय. पण इथल्या घटनेच्या ५९व्या कलमाने लष्करी सेवा सगळ्या स्विस पुरुषांवर बंधनकारक आहे. ती किंवा पर्यायी नागरी सेवा न केलेल्याने बदली कर भरायचा, तोही सदतिसावं पूर्ण होतं त्या वर्षापर्यंत. (त्याचं जर्मन नाव लिहीत बसलो तर कागद संपेल.)

दर करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के, पण वर्षाला किमान ४०० फ्रँक. ८०,००० वर २,४०० होतात. बिल आयकरापासून वेगळं, कॅन्टनकडून (म्हणजे इथल्या राज्याकडून), पुढच्या वर्षी येतं.

बाबा, तुम्ही म्हणता तसं माझ्या मधुमेहाचं सर्टिफिकेट जोडून हे टळत नाही. नुसतं 'सेवेस अपात्र' ठरणं म्हणजे सूट नव्हे. उलट अपात्र ठरलेल्यांकडूनच हा कर घेतात. सूट मिळायला अपंगत्व मोठं लागतं, व्यवहारात ४० टक्के शारीरिक किंवा मानसिक हानीची रेघ धरतात. त्यातही अपंगत्व पेन्शन तरी हवी, नाहीतर अपंगत्वाचे खर्च वजा करून उरलेलं उत्पन्न निर्वाहाच्या किमान रकमेच्या दुपटीच्या आत हवं. अपंगत्व मोठं पण उत्पन्न जास्त, तर कर निम्मा. इन्सुलिन घेऊन रोज नोकरीला जाणारा यांतल्या कशात सहसा बसत नाही.

स्वेन ग्लोर या ट्रकचालकाचंही असंच झालं होतं. टाइप १ मधुमेह, सेवा करायची तयारी, तरी डॉक्टरांनी नाकारलं आणि वर कर लावला. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ३० एप्रिल २००९ ला हा भेदभाव ठरवला. पुढे अपात्र ठरलेल्यांना, स्वतः अर्ज केल्यास, झेपेल तेवढी सेवा देण्याची वाट निघाली. ती भरतीच्या वयातल्या मुलांच्या कामाची. मला तर तपासणीलाच बोलावणार नाहीत.

आकडा चुकला तर लेखी हरकत ३० दिवसांत घ्यावी लागते. लोक इथेच फसतात: जर्मन पत्र बाजूला ठेवतात आणि मुदत निघून जाते. एकरकमी जड गेलं तर हप्ते मागता येतात.

आता तुमचं काम. या करात भारतातलं उत्पन्नही धरतात, म्हणजे माझ्या नावावरच्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याज दोन्ही. इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणून बँकेचा एप्रिल-मार्चचा दाखला चालणार नाही. १ जानेवारी ते ३१ डिसेंबरचं स्टेटमेंट काढून घ्या, आणि सोसायटीचा मेंटेनन्स भरल्याच्या पावत्याही पाठवा. फेब्रुवारीत पोचलं तर बरं.

तुमचा,
बाळू