आई-आण्णा, यंदाची वारी चुकवू नका

ती. आण्णा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

लालबागच्या खोलीवरचा एकजण उद्या एसटीनं गावी निघालाय, त्याच्याजवळ हे पत्र देतोय. आण्णा, फोनवर तुम्ही "बरं हाय न्हवं? घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकता. आईशी बोलताना तिला रडू येऊ नये म्हणून मी भलतंच काहीतरी बोलत बसतो, आणि सांगायचं ते राहून जातं. थोरल्या नातीला मोठ्यानं वाचायला लावा आणि दोघंही शेजारी बसून ऐका.

आधी तब्येतीचं. इथं टाटा हॉस्पिटलात रक्ताच्या कॅन्सरच्या केमोचा पहिला फेरा संपला. सात दिवस रात्रंदिवस एक औषध चालू होतं, त्यातले तीन दिवस दुसरं, लाल रंगाचं. त्यानं लघवीसुद्धा लाल होते, पण ते रक्त नसतं, हे आईला नीट समजावून सांगा. वाईट पेशींबरोबर चांगल्याही मरतात आणि त्या परत यायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस साधा ताप आला तरी लगेच अँटिबायोटिक चालू करतात. पेशी वाढल्या की कमरेच्या हाडातून मगज काढून तपासतील, मग पुढचं ठरेल. डॉक्टर मला काही लपवत नाहीत आणि मीही तुमच्यापासून लपवत नाही.

आई, तू पाठवलेली तुळस आणि बुक्का माझ्यापर्यंत आला नाही. फुलं, पानं, न शिजवलेलं काहीच वॉर्डात येऊ देत नाहीत, कारण त्यातली बुरशी मला सोसणार नाही. पण तुझा प्रसाद वाया गेला नाही. तुझ्या सुनेनं तो धर्मशाळेत वाटला. ती राहते ती दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा. तिथं नागपूरपासून आसामपर्यंतची माणसं उतरलेली असतात, सगळ्यांच्या घरातलं कुणीतरी टाटात आहे. संध्याकाळी बाया मिळून भाज्या निवडतात, एकमेकींचे रिपोर्ट वाचतात. पंढरपुरात आपण गाडगेबाबांच्या धर्मशाळेवरून किती वेळा गेलो असू. त्याच बाबांच्या नावाच्या छपराखाली ती झोपते, हा मला फार मोठा धीर आहे.

आण्णा, माळेचं तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची होती, तेव्हा गळा मोकळा लागणार होता. मला वाटलं आता माळ तोडावी लागते की काय. सिस्टर केरळच्या, गळ्यात त्यांच्या क्रूस. त्यांनी माळ अलगद डोक्यावरून काढली, स्पिरिटचा बोळा एकेका मण्यावरून फिरवला, मग गॉजमध्ये गुंडाळून माझ्या उजव्या मनगटाला चिकटपट्टीनं बांधली. म्हणाल्या, "अंगावरच आहे, काळजी नको." अजून ती मनगटावरच आहे. नळी निघाली की परत गळ्यात घालीन.

एकादशीला मी जेवलो. मऊ भात आणि डाळ. शेजारच्या कॉटवर मुर्शिदाबादचे एक चाचा आहेत, दोन्ही हातांना सलाइन. नमाजाआधी पाण्यानं हात-तोंड धुणं, त्यांचं वजू, जमत नाही तर भिंतीला हात लावून तोंडावरून फिरवतात आणि पडल्या पडल्या नमाज करतात. आजाऱ्याला त्यांच्यात ही सवलत आहे. आपल्यातही आहेच, तुम्हीच सांगितलेलं. मग आई, तुला शुगर असताना माझ्यासाठी धरलेले कडक सोमवार कशाला? तू उपाशी राहून चक्कर येऊन पडलीस, तर मला इथून उठूनही येता येणार नाही. सोमवारी दोन्ही वेळ जेव. मला तेवढंच हवंय.

आता खोलीवरच्या माणसांचं. लालबागची आपल्या गावाची खोली तुम्ही सोडलीत ती ८२ च्या संपानंतर. भिंतीला लागून ट्रंका, पाळीप्रमाणं झोपायचं, शनिवारी रात्री भजन, हे तुमच्या तोंडून इतकं ऐकलंय की मी तिथं राहिलोय असंच वाटतं. आता गिरण्या नाहीत, माणसं थोडी उरलीत. कुणी कुरिअरमध्ये, कुणी सिक्युरिटीत. पण मी टाटात आहे हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी केली. माझ्या प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्या की बाहेरून चढवाव्या लागतात, आणि त्या पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे साठवून ठेवायची सोयच नाही. दर थोड्या दिवसांनी ताजा दाता लागतो. एका हातातून रक्त मशिनमध्ये जातं, प्लेटलेट बाजूला होतात, बाकीचं रक्त परत अंगात येतं. तास-दीड तास हलायचं नाही. गेल्या तीन दिवसांत अॅस्पिरिनची गोळी घेतलेली चालत नाही, म्हणून यादीतली पोरं डोकं दुखलं तरी गोळी घेत नाहीत. रात्रपाळी करून थेट रक्तपेढीत येतात. सप्त्यात वीणा खाली टेकू देत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसा यांनी माझा पहारा लावलाय. त्यांच्यातल्या निम्म्यांची मला तोंडओळखसुद्धा नव्हती. आण्णा, ते माझ्यासाठी येतात ते तुमच्या नावावर. खोलीत तुम्ही म्हटलेले अभंग त्यांच्या बापांनी त्यांना सांगितलेत.

आणि आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

संध्याकाळी सातला देवळातला एक पोरगा मृदंगाशेजारी फोन ठेवतो आणि मी इकडं कानात हेडफोन घालून हरिपाठ ऐकतो. टाळांच्या आवाजात शब्द फुटतात, तरी कोण कुठं बसलंय हे मला कळतं. खांबाजवळून तुमचा आवाज यायचा, सगळ्यांच्या जरा मागं, चाल सोडताना खाली उतरणारा. बरेच दिवस झाले, तो येत नाही. त्या पोराला खोदून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. पारावर कुणीतरी बोललं म्हणे, "एवढ्या वाऱ्या करून इठ्ठलानं काय दिलं, पोराला असला रोग?" त्या दिवसापासून तुम्ही देवळाची पायरी चढला नाहीत, आणि यंदा दिंडीत नाव घालू नका असं सांगून आलात.

आण्णा, त्या माणसाला उत्तर देऊ नका, पण माझं ऐका. तुम्हीच मला शिकवलंत की वारीत मागायचं नसतं. नवस बोलणं हे आपल्या वाटेतलं नव्हे. मी दहावीत असताना पास होऊ दे म्हणून वाखरीला डोकं टेकलं, तर तुम्ही म्हणालात, "त्यो भेटायची जागा हाय, मागायची न्हवं." मग आता तो आजार देतो आणि तो बरा करतो असा हिशेब आपण कशाला मांडायचा? मला रक्ताचा कॅन्सर झाला तो माझ्या पेशींत बिघाड झाला म्हणून. तुमची वारी कमी पडली म्हणून नव्हे. आणि वारीनं काय दिलं, ते मी रोज बघतोय. रक्तपेढीच्या खुर्चीत बसलेली पोरं दिलीत.

रात्री ताप चढतो तेव्हा मला देव आठवतोच असं नाही. माणसं आठवतात. दिवे घाटात आईचा हात धरून चाललेली, नीरेच्या काठी ओले पाय पुसणारी, चांदोबाच्या लिंबाला रिंगणाचा घोडा सुटला की माझ्याआधी तुम्हीच टाचा उंचावून बघायचात ते. तुम्ही दोघं घरात दार लावून बसलात असं कळलं की ती सगळी वाट माझ्यासाठी बंद होते. तुम्ही चालताय हे माहीत असलं की मुक्कामामागून मुक्काम मला मोजता येतात, आज सासवड, आज जेजुरी, आज लोणंद. मला इथं तेवढं काम पुरे.

माझ्याजवळ येऊन बसायची तुमची इच्छा मला समजते. पण वॉर्डात एकाच माणसाला राहू देतात आणि गर्दीच्या गाडीतून आलेल्याला तर आतच घेत नाहीत. तुमची सून इथं आहे. आषाढी एकादशीला ती वडाळ्याच्या विठ्ठलाला जाऊन येणार आहे. पंढरीला तुम्ही जा.

दोघांच्या भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे, पैसे मी दिंडीच्या चालकांना पाठवलेत, नावं परत घातलीत. आईनं आळंदीपासून चालायचा हट्ट धरू नये. गुडघा सुजला की ट्रकमध्ये बसायचं, त्यात कमीपणा नाही. शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या घ्या, निम्म्या तुमच्या पिशवीत, निम्म्या तिच्या. आण्णा, तुमची प्रेशरची गोळी सकाळची आहे, चहाबरोबर घ्या, काकड्याच्या घाईत विसरू नका. मुक्कामाला चार्जिंग मिळालं की फोन करा, रात्री नऊपर्यंत मी जागा असतो.

पोरींना गोड पापा. रामकृष्ण हरी.

तुमचा
धाकटा