नाव न सांगता धावून आलेल्यांचे आभार

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या सेवा क्लबने कारागृहासाठी माठ, सुती चादरी आणि ओआरएसची पाकिटं गोळा केली. खान्देशातला मे महिना आपल्याला ठाऊक आहे. क्षमतेहून कितीतरी जास्त माणसं कोंबलेल्या बराकीत त्या उन्हात रात्र कशी निघत असेल! रावेरकडून केळी पाठवणारे शेतकरी भाऊ, भाडं न घेता माल पोचवणारे छोटा हत्तीवाले दादा, चादरी शिवणाऱ्या बचत गटाच्या ताई, सगळ्यांचे मनापासून आभार.

पण सर्वांत मोठं ऋण त्या वकील ताईंचं. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी जवळपास तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तो बंधपत्रावर, म्हणजे कोर्टात हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सुटू शकतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले मात्र यात बसत नाहीत. घरच्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं! ताई भेटीच्या दिवशी फाटकाबाहेर बसून सांगत राहिल्या, विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठीचे अर्ज भरून देत राहिल्या. धडगावकडून आलेल्या मायमाउलींना तेच त्यांच्या पावरी बोलीत समजावणारा कॉलेजचा पोरगा, बेटा, तुझेही आभार.

हिवाळ्याआधी ब्लँकेटं जमवायची आहेत. तुम्ही सगळे परत या.